माग शिवेवर थांबतो

गेल्या वळवाच्या दिवसांत माझ्या मामाच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. मामाचं घर बेळगाव तालुक्यात, शेत चंदगड तालुक्यात, मधे एक ओढा. ओढ्याच्या अलीकडं कर्नाटक, पलीकडं महाराष्ट्र. आमच्या भागात अशी घरं-शेतं पुष्कळ. १९५६ साली रेषा ओढणाऱ्यांनी विहीर कुणाची आणि गोठा कुणाचा हे विचारलं नव्हतं. मी पोचलो तेव्हा मामा विहिरीच्या काठाला उकिडवा बसला होता आणि त्याच्यासमोर तांबड्या चिखलात एक घमेलं पालथं घातलेलं होतं.

"काय बघूलास मामा?" म्हटलं, तर त्यानं घमेलं उचललं. खाली बुटाचा एक ठसा. टाचेला आडव्या जाड पट्ट्या, चवड्यावर षटकोनी खडे, मधल्या खोबणीत दोन-तीन अक्षरं उलटी उमटलेली. डाव्या टाचेची बाहेरची कड झिजलेली इतकी स्पष्ट, की हा माणूस कसा चालत असेल ते डोळ्यांपुढं यावं. रात्री पुन्हा सर आली तर ठसा जाईल म्हणून मामानं पहाटे चारला कंदील घेऊन त्यावर घमेलं झाकलं होतं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याचे वडील असंच करायचे.

पुढचं थोडक्यात सांगतो. पंचनाम्याला आलेल्यांपैकी एकानं घमेलं पायानं बाजूला सारलं आणि बोलता बोलता तो त्या ठशावरच उभा राहिला. कागदावर एक वाक्य आलं, "घटनास्थळी चिखलात बुटाचे ठसे दिसून आले." फोटो नाही, मोजमाप नाही. बाकीचे ठसे ओढ्याकडं गेलेले दिसल्यावर दुसऱ्यानं पलीकडच्या काठाकडं बघून हात झटकले, "तिकडं आमचं काही चालत नाही." गंमत अशी की ते ज्याला 'तिकडं' म्हणत होते, ते मामाचं घर.

मोटर काही लाखोंची नव्हती आणि तिच्यासाठी हा लेख लिहीत नाही. गेलं वर्षभर मी या बुटाच्या ठशांच्या मागं लागलोय. माझं म्हणणं एवढंच, की सीमाभागातल्या दोन्ही बाजूंच्या पोलिसांकडं बुटा-चपलांच्या तळांची एक सामायिक, वर्ग लावलेली नोंद असायला हवी आणि तिचा उपयोग माग काढण्यासाठी व्हायला हवा, माणूस लटकवण्यासाठी नव्हे. या वाक्याचे दोन्ही अर्धे मला सारखेच महत्त्वाचे वाटतात. पहिल्या अर्ध्याला सरकारं नाही म्हणतील, दुसरा अर्धा लोक विसरतील.

माग काढणं ही या मातीला नवी गोष्ट नाही. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कारभार बघायला आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली कलकत्त्याला जो अहवाल पाठवला, त्यात गावच्या जागल्याचं, म्हणजे राखणदाराचं, काम नोंदवलंय. चोरी झाली की जागल्या पावलांवरून चोराचा माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या हद्दीत गेला, की तिथल्या जागल्याला तो दाखवायचा, त्याची खात्री पटवायची आणि मग याची जबाबदारी संपायची. पुढचा माग पुढच्या गावानं चालवायचा. असं करत माग ज्या गावापर्यंत स्पष्ट पोचला, ते शेवटचं गाव चोरीच्या मालाला जबाबदार. भरपाई आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणं त्याच्याकडून, उरलेली गावाकडून.

या व्यवस्थेचे गोडवे गायचा माझा विचार नाही. ज्याच्या पदरात बलुत्यातले चार पायली दाणे, त्याच्याच गळ्यात दुसऱ्याच्या चोरीचा फास, असा तिचा खालचा मजला होता. पण तिच्यात एक गोष्ट होती जी आज नाही. माग शिवेवर आला की तो *देण्याची* रीत होती. घेणाऱ्याला तो घ्यावा लागायचा, नाहीतर तो अडकायचा. दोन गावांच्या जागल्यांना एकच ठसा बघून एकच गोष्ट समजायची, कारण दोघांची बघण्याची भाषा एक होती. आज शीव मोठी झाली, तिच्यावर कमानी आणि कोगनोळीसारखे नाके आले, आणि माग मात्र तिथं येऊन संपतो.

आता ठसा म्हणजे काय ते सांगतो. इथं माझा धंदा कामाला येतो. मी बावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, पॅटर्न शॉपमध्ये काढली. लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा पॅटर्न करायचा, तो वाळूत दाबायचा, त्याच्या पोकळीत रस ओतायचा. एका पॅटर्नवरून हजार कास्टिंग निघतात. ती हजारही सारखी, आणि तरी फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, बसलेला जुना कामगार हातात घेऊन सांगतो, की हे सकाळच्या पाळीचं आणि हे त्या तिसऱ्या साच्यातलं, कारण तिसऱ्याच्या कडेला एक कपची उडालीय. शिवाय एखाद्यात ब्लो-होल असतं. हवेचा बुडबुडा कुठं अडकेल ते पॅटर्न ठरवत नाही.

बुटाचा तळही असाच साच्यातून निघतो. साच्यानं दिलेली नक्षी, तिचा आकार, तिचं माप ही सगळ्या भावंडांची सामायिक गोष्ट. एकाच मापाचे चार-पाच साचे कारखान्यात असले तर त्यांच्यात बारीक फरक. त्यावर घालणाऱ्याची चाल चढते. कुणाची टाच बाहेरून झिजते, कुणाचा अंगठ्याखालचा भाग. त्यावर नशीब चढतं, म्हणजे रस्त्यावरची काच, खिळा, रुतलेला खडा, डांबराचा ठिपका. ओतीव पॉलियुरेथेनच्या तळात तर हवेचे बुडबुडे असतात, आमच्या ब्लो-होलचे सख्खे भाऊ, आणि त्यांची जागा जोडीगणिक वेगळी. पहिल्या दोन गोष्टींवरून वाण कळतो, शेवटच्या दोन जमल्या तर माणसाच्या जवळ जाता येतं. वर्गीकरण हे पहिल्या दोन गोष्टींचं असतं. यात गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं, आणि मामाचीही तीच गल्लत झाली. त्यावर पुढं येतो.

वर्गीकरणाचं महत्त्व आपल्या देशानं जगाला शिकवलंय हे आपण विसरतो. बोटांचे ठसे वेगवेगळे असतात हे माहीत असून उपयोग नव्हता. लाखभर कार्डांतून हवं ते कार्ड काढायचं कसं, हा खरा प्रश्न. १८९७ साली कलकत्त्यात जगातला पहिला फिंगरप्रिंट ब्युरो उभा राहिला तो या प्रश्नाच्या उत्तरावर. एडवर्ड हेन्रीच्या नावानं जी पद्धत चालते, तिचं गणित अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय फौजदारांनी बसवलं. दहा बोटांवरच्या भोवऱ्यांना आकडे द्यायचे, त्यांचा अपूर्णांक करायचा आणि १०२४ खणांपैकी एका खणात ते कार्ड टाकायचं. बंगाली हवालदारानं लिहिलं काय, पठाणानं वाचलं काय, खण तोच. कपाटाला भाषा नसते.

सीमाभागात या शेवटच्या गोष्टीचं मोल बाहेरच्यांना कळणार नाही. अलीकडच्या ठाण्यात पंचनामा कन्नडमध्ये, पलीकडच्या ठाण्यात मराठीत. शब्द दोन्हीकडं पंचनामाच, पण आत काय लिहिलंय ते एकमेकांना अनुवाद केल्याशिवाय कळत नाही. एकानं 'हेज्जे गुरुतु' लिहायचं, दुसऱ्यानं 'पाऊलखुणा'. एकाच तळाला इकडं कुणी 'जाळीदार नक्षी' म्हणेल, तिकडं दुसरा 'चौकटी-चौकटीचा' म्हणेल, तिसरा नुसतं 'स्पोर्ट शूजसारखा' म्हणून मोकळा होईल. मराठीतसुद्धा दोन हवालदार एका तळाचं एकसारखं वर्णन करणार नाहीत. वर्णनावरून शोध घेता येत नाही, खुणेवरून घेता येतो. चवड्यात वर्तुळं असतील तर अमुक आकडा, नागमोडी पट्ट्या असतील तर तमुक, टाचेत आडवे पट्टे तर तिसरा, छापील चिन्ह असेल तर चौथा. चवडा, कमान, टाच असे तीन भाग आणि प्रत्येकाला आकडे. सात-आठ अंकांची एक ओळ तयार झाली, की ती निपाणीहून कागलला आणि अथणीहून जतला जशीच्या तशी जाते. भाषेवरून इतकी डोकी फुटलेल्या आमच्या भागात भाषेचा प्रश्नच येत नाही असं एखादं सरकारी काम असावं, हे मला फार मोहात पाडतं.

इंग्लंडमध्ये हे काम पुष्कळ पुढं गेलंय. तिथं बुटांच्या तळांचा राष्ट्रीय संदर्भसंग्रह आहे, बाजारात आलेल्या नव्या जोड्यांच्या तळांचे नमुने त्यात चढतात आणि घरफोडीच्या जागी मिळालेला ठसा त्याच्याशी ताडून पाहतात. अटक केलेल्या माणसाच्या बुटाचा ठसा घेण्याचा अधिकार पोलिसांना २००५ च्या कायद्यानं मिळाला. मुख्य फायदा काय, तर दोन गुन्हे एकमेकांना जोडता येतात. माणूस कोण ते माहीत नसतानाही. सोमवारी हुक्केरीत, गुरुवारी गडहिंग्लजला आणि शनिवारी आजऱ्यात एकाच वाणाचा, एकाच मापाचा, एकाच बाजूनं झिजलेला तळ दिसला, तर तीन ठाण्यांतल्या तीन 'अज्ञात इसमां'ऐवजी एकाच माणसाचा शोध घेता येतो. आज आपल्याकडं ते तीन वेगवेगळे इसमच राहतात, त्यातला एक तर वेगळ्या राज्यातला.

"आता मोबाईल टॉवर आहेत, कॅमेरे आहेत, बुटाचे ठसे कुठले काढत बसता?" असं मला एका निवृत्त अधिकाऱ्यानं विचारलं. कॅमेरे खडेबाजारात आहेत, विहिरीवर नाहीत. मोबाईल चोर घरी ठेवून येतो हे आता पोरंसोरंही जाणतात, आणि हातमोजे दहा रुपयाला मिळतात. पण पाय घरी ठेवून येता येत नाही.

मात्र इंग्लंडचा संग्रह उचलून आणून इथं चालणार नाही, आणि हा मुद्दा माझ्या वाचनात कुणी मांडलेला दिसला नाही म्हणून जरा रेंगाळतो. कॉम्प्युटरला ठसे ओळखायला शिकवणारे संशोधक ज्या संचांवर काम करतात, त्यातला एक प्रसिद्ध संच स्वित्झर्लंडमधल्या बाझल विद्यापीठाचा आहे. त्यात संदर्भाचे ११७५ नमुने आणि गुन्ह्याच्या जागचे ३०० ठसे. ते युरोपातले बूट. आमच्या गणपत गल्लीत शनिवारी तासभर उभं राहून लोकांच्या पायांकडं बघा. (मी उभा राहिलोय. बायकोनं त्यावरून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.) पायात काय दिसतं? सगळ्यात जास्त रबरी हवाई चप्पल, जिचा तळ वर्षानुवर्षं बदललेला नाही. नामांकित कंपनीच्या बुटाची नक्कल, जिच्या तळाची नक्षी तीन वेगवेगळ्या 'कंपन्यां'च्या नावानं विकली जाते. शाळेचे काळे बूट. कारखान्याचे सेफ्टी शूज. आणि खेड्यातून बाजाराला आलेल्यांच्या पायात चामड्याची चप्पल, तिला खालून टायरचा तळ मारलेला.

ही शेवटची चप्पल घ्या. अथणी, निपाणीकडच्या कारागिरांनी म्हशीचं कातडं हिरडा-बाभळीनं कमावून, हातानं कापून, चामड्याच्याच वादीनं शिवलेली. साचा नाही. तळाला नक्षीच नाही, म्हणून युरोपातल्या यंत्राच्या लेखी हा ठसा 'कोरा'. पण जाणत्याच्या लेखी तो कोरा नसतो. कापलेल्या कडेचं वळण, शिलाईच्या टाक्यांचं अंतर, टाचेच्या थरांचा उतार हे ज्यानं चप्पल केली त्याच्या हाताचं असतं. टायरच्या तळाची तर बातच वेगळी. मोची जुन्या टायरचा तुकडा कापतो, डाव्या पायाला एका जागचा आणि उजव्याला दुसऱ्या जागचा. दोन्ही तळांची नक्षी एकमेकींशी जुळत नाही. कधी एका पायाखाली ट्रकचा टायर, दुसऱ्याखाली ट्रॅक्टरचा. म्हणजे ज्या चपलेला शहरातला तज्ज्ञ 'वर्गवारीत न बसणारी' म्हणून बाजूला टाकेल, ती जोडी जगात एकमेव असते. उलट अडीच हजारांचा ब्रँडेड बूट, ज्याचं नाव-गाव यंत्र क्षणात सांगेल, तो हजारांच्या पायात. यंत्र जे ओळखतं त्याची किंमत कमी आणि जे ओळखत नाही त्याची जास्त, असा हा उफराटा हिशोब आहे. म्हणून वर्ग पाडताना आमच्या भागातल्या चपलांचे खण आमच्याच भागात पाडावे लागतील, आणि ते पाडणाऱ्यांच्या टेबलावर तज्ज्ञाच्या शेजारी एक चप्पल करणारा कारागीर बसवावा लागेल. त्याला मानधन देऊन. हे मी मुद्दाम म्हणतो, कारण आपल्याकडं कारागिराचं ज्ञान फुकट घ्यायची फार जुनी सवय आहे. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली तेव्हा आपण सगळे चिडलो, ते बरोबरच होतं. पण अथणीच्या कारागिराचं नाव त्या दिवसाआधी आपल्यापैकी किती जणांना सांगता आलं असतं?

आता मामाच्या गल्लतीकडं. पोलीस गेल्यावर मामा तो षटकोनी खड्यांचा ठसा विसरला नाही. चौथ्या दिवशी देवळासमोर त्याला तशाच तळाचे बूट दिसले. ते ज्याचे होते तो शेजारच्याच वाडीतला पोरगा, नात्यातला. मामानं चारचौघांत त्याचं नाव घेतलं. पोराच्या बापानं विळा काढण्यापर्यंत मजल गेली. नंतर कळलं ते असं, की पलीकडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यानं दिवाळीला सगळ्या कामगारांना एकसारखे सेफ्टी शूज वाटले होते. आसपासच्या पाच-सहा गावांत मिळून ते शेकडो पायांत होते. मामाच्या स्वतःच्या जावयाच्या पायातसुद्धा. पोराचा डावा बूट मी नंतर पाहिला, त्याची टाच आतून झिजलेली होती, बाहेरून नाही. मामा आणि त्या घराचं येणंजाणं अजून बंद आहे.

मामा अडाणी म्हणून असं झालं असं कुणी म्हणू नये. इंग्लंडच्या अपील कोर्टानं २०१० साली 'आर विरुद्ध टी' या खुनाच्या खटल्यात दोषसिद्धी रद्द केली, तीही अशाच कारणानं. घटनास्थळी नाईकी बुटाचा ठसा, आरोपीच्या घरी नाईकी बूट. तज्ज्ञानं नक्षी, माप, झीज यांचे आकडे एकमेकांशी गुणून पुराव्याचं वजन काढलं होतं. पण ती नक्षी प्रयोगशाळेत आलेल्या बुटांपैकी सुमारे २० टक्के बुटांत होती, आणि प्रयोगशाळेत येणारे बूट म्हणजे गावात फिरणारे बूट नव्हेत. कोर्टाला त्या आकड्यांचा पाया कच्चा वाटला. याच्या उलट टोकाला ओ. जे. सिम्पसनचा खटला. रक्तातला ठसा ब्रुनो माग्ली या इटालियन कंपनीच्या महागड्या बुटाचा, आणि त्या मापाचे असे जोड अख्ख्या अमेरिकेत २९९ विकले गेलेले. फौजदारी खटल्यातून सुटलेल्या सिम्पसनचे तेच बूट घातलेले फोटो पुढं आले आणि १९९७ च्या दिवाणी निकालात ते त्याला जड गेले. ठशावरून बुटाचा वाण दोन्हीकडं कळला होता. फरक एवढाच की तसे बूट आणखी किती पायांत आहेत. तो आकडा माहीत नसेल तर 'जुळला' या शब्दाला अर्थ नाही. मामाकडं घमेलं होतं, तो आकडा नव्हता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा कल या बाबतीत पहिल्यापासून सावध आहे. पन्नासच्या दशकात प्रीतम सिंग खटल्यात न्यायालयानं पावलांच्या ठशांच्या शास्त्राला बाल्यावस्थेतलं म्हटलं. १९९७ साली मोहम्मद अमान खटल्यात पुन्हा तेच, की हे शास्त्र पूर्ण विकसित नाही आणि इतर पुराव्यांवरून जो निष्कर्ष निघालाय त्याला दुजोरा देण्यापुरताच त्याचा वापर व्हावा. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळानं २०१६ साली आपल्या अहवालात म्हटलं, की विशिष्ट खुणांवरून एखादा ठसा अमुकच बुटाचा आहे असं सांगण्याची पद्धत किती वेळा चुकते, हे तपासणारे पुरेसे प्रयोगच झालेले नाहीत. काही वकील मित्र यावरून म्हणतात, मग ही नोंद हवीच कशाला? मला उलटं वाटतं. न्यायालय ज्याला पुरावा म्हणून कमी तोलतं, ते माग म्हणून निकामी नसतं. जागल्याचा माग कुणाला फाशी देत नव्हता. तो फक्त पुढच्या गावापर्यंत नेत होता. आणि नोंद नसल्यामुळंच 'जुळला' हा शब्द ज्याच्या-त्याच्या तोंडी मोकाट सुटतो. पाच-सहा गावांतल्या शेकडो पायांत हा तळ आहे, एवढं कुणीतरी मामाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्यानं देवळासमोर तोंड उघडलं नसतं. चांगली नोंद निरपराधालाही वाचवते, किंबहुना आधी त्यालाच वाचवते.

एक शंका बेळगावातच येऊ शकते आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. १ नोव्हेंबरला १९५६ च्या त्या रेषेच्या निषेधाचा काळा दिन असतो, त्याच्या फेरीत चाललेल्यांवर दाखल झालेले गुन्हे, तारखांमागून तारखा, हे आमच्या पिढीनं बघितलंय. पोलिसांच्या हातात आणखी एक नोंदवही द्यायची म्हटलं की इथल्या मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं बोटांचे, तळहाताचे, पावलांचे ठसे, बुबुळं, इतकं सगळं घेण्याची मुभा दिली आणि ती नोंद ७५ वर्षं ठेवायची तरतूद केली. त्या यादीत पावलाचा ठसा आहे, बुटाच्या तळाचा वेगळा उल्लेख नाही. माझ्या मते तो यायलाही नको. मला हवी आहे ती नोंद वाणांची, माणसांची नव्हे. एका बाजूला बाजारात विकल्या जाणाऱ्या तळांचे नमुने, दुसऱ्या बाजूला गुन्ह्याच्या जागी मिळालेले ठसे. दोन्हींत कुणाचंही नाव नाही. अटक झालेल्याचा बूट ताडून बघायचा तर बघा, पण नाही जुळला तर त्याचा ठसा कपाटात राहता कामा नये. इंग्लंडचा रस्ता इथं आपण अर्ध्यावरच सोडावा. ही अट आधी लिहून घेतल्याशिवाय या कामाला माझाही पाठिंबा नाही.

अडचण पैशाची आहे असं मला वाटत नाही. बेळगावला कर्नाटकची प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, कोल्हापूरला महाराष्ट्राची. दोन्हींत शंभर-सव्वाशे किलोमीटर, तेही एकाच हमरस्त्यावर. धारवाडला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं केंद्र आलंय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं सक्तीचं केलंय. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची सवड दिलीय, पण दिशा ठरलीय. झिरो एफआयआरमुळं तक्रार कुठंही नोंदवता येते, म्हणजे कागद शीव ओलांडू लागलाय. ठसा तेवढा मागं राहिलाय. विहिरीवरच्या मोटरीसाठी तज्ज्ञ येणार नाही हे मला कळतं. पण सरळ वरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, बॅटरीचा झोत बाजूनं तिरका टाकून फोटो कसा काढायचा, हे हवालदाराला एका दुपारी शिकवता येतं. चिखलातला ठसा डेंटल स्टोनमध्ये उतरवणं हे आमच्या मोल्डिंगच्या कामापेक्षा सोपं आहे. दंतवैद्याकडं मिळणारी पावडर, पाणी आणि अर्ध्या तासाचा धीर.

आणि दोन्ही राज्यं एकत्र येऊच शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी एक कागद दाखवतो. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जी भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली, ती एका राज्याची नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, अशा आठ जिल्ह्यांची ती सामायिक आहे. दोन्हीकडची चर्मोद्योग महामंडळं त्यावर एकत्र बसली. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून पडून असताना हे झालं. चप्पल विकण्यासाठी जे आठ जिल्हे एका कागदावर आले, ते त्या चपलेचा चिखलातला ठसा ओळखण्यासाठी का येऊ नयेत, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

सुरुवात लहान असावी. चंदगड, गडहिंग्लज, कागल एकीकडं, बेळगाव, हुक्केरी, निपाणी दुसरीकडं, असे सहा तालुके. पहिल्या वर्षी फक्त शेतातल्या आणि घरफोडीच्या चोऱ्या. बाजारातल्या दुकानांतून आणि मोचीच्या ठेल्यांवरून तळांचे नमुने शाई लावून कागदावर घ्यायचे, हे काम कॉलेजची पोरं सुट्टीत करतील. प्रत्येक नमुन्याखाली तो साधारण किती खपतो तेही लिहायचं, कारण त्या आकड्याशिवाय बाकी सगळं मामाच्या घमेल्याच्या पुढं जात नाही. मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. उद्यमबागेतल्या ओळखीच्या चार कारखान्यांत कुठले सेफ्टी शूज वाटतात ते विचारून त्यांच्या तळांचे ठसे वहीत घेतलेत. सत्तावीस झालेत. षटकोनी खड्यांचा तेरावा.

मामाला वही दाखवली तेव्हा त्यानं तेरावं पान बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ह्यो किती जणांच्या पायात असंल रं?" मी आकडा सांगितला. तो काही बोलला नाही. घमेलं मात्र अजून विहिरीवरच असतं, पालथं.